गवरामायच्या गालावरची खूण

बसा, सावलीत बसा. निंबाखालचा हा ओटा दिसतोय ना, नुसत्या दगडांचा, ज्याला ना शेंदूर आहे ना घंटा? परगावचा माणूस येतो आणि विसाव्यासाठीच बांधलाय असं समजून खुशाल वर बसतो. आम्ही त्याला उठवत नाही. जिच्या नावाचा हा ओटा, तिनंही कोणाला उठवलं नसतं. वरची फडकी तेवढी जरा बाजूला सरकवा, एवढंच आम्ही सांगतो.

गोष्ट फार वर्षांपूर्वीची. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. माझा चुलता सांगायचा की तेव्हा हा निंब माणसाच्या कमरेएवढा होता. चुलती म्हणायची, निंब तेव्हाही एवढाच होता, तुमच्या घराण्यातली माणसं तेवढी बुटकी झाली. तर तेव्हाची. सातपुड्याच्या पायथ्याचं हे आमचं निंबगव्हाण तेव्हाही असंच होतं, नदीच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला रान. आणि गाव संपतं तिथं, या निंबाजवळ, गवरामायची झोपडी होती.

गवरामाय कातडीचं दुखणं बघायची. खरूज, नायटा, घामोळं, भाजलेलं, पोळलेलं, सगळं तिच्याकडे यायचं. तिचे हात इतके गार होते की भर वैशाखात तळहातावर ठेवलेला लोण्याचा गोळा वितळत नसे, असं म्हणतात. आता तो वितळत नव्हता की वितळायच्या आत माय तो खाऊन टाकायची, हे बघायला मी नव्हतो. पण आगीसारखं तोंड झालेलं लेकरू तिनं हात ठेवला की रडायचं थांबायचं, हे मात्र सगळे एकमुखानं सांगत आले आहेत.

तिचं खरं औषध म्हणजे धुतलेलं तूप. काशाच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, नदीचं पाणी घालायचं आणि तळहातानं फेसत राहायचं. पाणी ओतून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा फेसायचं. सकाळी बसली की उन्हं डोक्यावर येईतो तिचा हात ताटात गोल गोल फिरत असायचा. शेवटी तूप चांदण्यासारखं पांढरं आणि हलकं व्हायचं. ती फेसायला बसली की तिच्यावरची निंबाची सावली तिचं काम उरकल्याशिवाय सरकत नसे, असंही म्हणतात.

माय जिभेनं मात्र गार नव्हती. कोणी नाकातोंडाला वाटेल ते चोपडून आलं की त्याची खैर नसायची. तिचा पहिला सवाल ठरलेला. "काय लावलं?" कोणी हळद लावलेली असायची, कोणी राख, कोणी शेजारणीनं सांगितलेला पाला. मग माय आधी ते सगळं धुऊन काढायची, धुता धुता त्या शेजारणीचाही उद्धार करायची, आणि मग तूप. तिचं म्हणणं असं की अर्धं दुखणं लोकांनी लावलेल्याचं असतं. बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

आता गावाची एक गंमत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या गमतीतूनच झालं.

गावात कोष्ट्याचं घर एकच आणि माग एकच. त्यामुळे सगळ्या बायांची लुगडी एकसारखी, काळपट हिरवं अंग आणि तांबडे काठ. आणि परीटही एकच, सुकाजी. सणावाराच्या आधी सगळ्या गावाची लुगडी त्याच्याकडे जायची, आणि परत येताना हिचं नवं तिच्याकडे, तिचं विटकं हिच्याकडे. एका पोळ्याला यावरून नदीवर असं भांडण जुंपलं की बैलांची मिरवणूक राहिली बाजूला आणि सगळं गाव ते भांडण बघायला आलं. सुकाजी बिचारा मऊ माणूस. त्यानं कान धरले आणि त्या वर्षापासून घराघराची खूण करायला लागला. खूण बिब्ब्याची. बिब्बा तर आमच्या रानात पायलीनं पडलेला असतो. सुईनं टोचला की काळा चीक येतो, कापडावर त्याची रेघ काढली की कापड फाटलं तरी रेघ जात नाही.

सुकाजीनं पहिल्यांदा खूण केली ती आतल्या कोपऱ्यात, कंबरेला खोचली जाते तिथं, कोणाला दिसू नये अशी. बायांना ते पटलं नाही. आपल्या घराची खूण, ती लपवायची कशाला? "पदराच्या टोकावर काढ," म्हणाल्या. मग पदराच्या टोकावर कोणाचा एक ठिपका आला, कोणाचे दोन, कोणाची चंद्रकोर. ठकूबाई नावाची एक जबर बाई होती, तिनं सगळ्यात मोठी खूण मागितली, कावळ्याचा पाय, तीन बोटं पुढं आणि एक मागं. पुसट झाली की ती सुकाजीला बोलावून पुन्हा काळी करून घ्यायची. बाया पाण्याला निघाल्या की पदर वाऱ्यावर, आणि कोणाच्या घरची कोण ते लांबून कळायचं. मोठी हौस होती.

ठकूबाईची सून सगुणा. तिला पहिलीच मुलगी झाली, मंजुळी. आणि सगुणा अशी माया करणारी बाई की विचारू नका. मंजुळीचं नाक, गाल, कपाळ तिच्या पदरातून सुटत नसे. रडली तर पदर, हसताना लाळ आली तर पदर, उन्हातून आली तर पदर. तिची एकटीची नाही, गल्लीतल्या कोणाच्याही लेकराचं तोंड मळलेलं दिसलं की सगुणा त्याला जवळ ओढून पुसून काढायची. आईची माया म्हणजे काय, हे त्या गल्लीतल्या पोरांना त्या पदराच्या वासानंच कळत असे.

मंजुळी चालायला लागली आणि तिचं तोंड बिघडलं.

आधी गाल लाल झाले. मग खाज सुटली. मग कोंड्यासारखे पापुद्रे निघायला लागले, भुवया, नाकाच्या बाजू, हनुवटी, सगळीकडे. पोर झोपेतही गाल उशीवर घासायची, नखांनी ओरबाडायची. सगुणानं तिची नखं कापली, हातांना कापडाच्या पिशव्या बांधल्या. तरी सकाळी उठावं तर गालावर रक्त. दिवसभर सगुणा तिला खांद्यावर घेऊन फिरायची आणि तोंडातल्या तोंडात स्वतःलाच बोल लावायची.

ठकूबाईनं मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली. आमच्याकडे दृष्ट काढली की शेवटी आईनं पदरानं लेकराचं तोंड उतरवून घ्यायचं, वरून खाली, दाबून. सगुणानं ते अगदी मनापासून केलं. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात एवढं तोंड सुजलं. मग सगुणा लेकरू उचलून इथं, या निंबाखाली आली.

"काय लावलं?" गवरामायनं विचारलं.

"काईच नाई वं माय," सगुणा म्हणाली.

मायनं पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं. सगुणा मंजुळीची शपथ घ्यायला निघाली, तेव्हा मायनं तिला थांबवलं. मंजुळीला मांडीवर घेतलं, नुसत्या पाण्यानं तोंड धुतलं, टिपलं आणि तूप लावलं. पोर तिथंच झोपली. कितीतरी दिवसांनी ती अशी झोपली, आणि तिला झोपलेलं बघून सगुणा बाजूला तोंड करून रडली. त्या झोपेसाठी म्हणून ती मायच्या पाया पडली.

पण घरी गेल्यावर पुन्हा तेच. माय म्हणाली, वांगं बंद कर. बंद केलं. अंगाला बेसन लावायचं बंद. केलं. पाळण्याला दृष्टीसाठी बिब्ब्यांची माळ बांधली होती, माय म्हणाली ती काढ, बिब्बा अंगावर उततो, लाली आणि फोड आणतो. काढली. म्हणजे बघा, माय किती जवळ येऊन गेली होती! दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तोंड लाल. गवरामायला आयुष्यात कोणत्या दुखण्यानं असं चकवलं नव्हतं. तिनं सगुणाला सांगितलं, लेकरू माझ्याजवळ ठेव, मला बघू दे.

मंजुळी निंबाखाली राहिली. मायनं तिला कसलाही पाला लावला नाही, फक्त पाणी आणि तूप, आणि टिपायला मायचं स्वतःचं जुनं, झिजून मऊ झालेलं लुगडं. पोरीचे गाल निवले. पापुद्रे गळाले आणि खालून नवी, गुळगुळीत कातडी आली. मंजुळी मातीत खेळायला लागली, खारींच्या मागं धावायला लागली. तेव्हा खारी झाडावरून उतरून तिच्या हातातलं खायच्या, असं म्हणतात. सगुणा रोज लांब उभी राहून बघायची, मायनं तसं सांगितलं होतं म्हणून.

मग मंजुळीला घरी पाठवलं. बाजार भरून उठतो एवढ्यात पुन्हा तोंड लाल.

ठकूबाई नातीला घेऊन आली. तिथं पाण्याला आलेल्या आणखी बाया होत्या. गवरामाय वैतागलेली होती, आणि वैतागात तिच्या तोंडून एक वाक्य निसटलं.

"पोरगी आईजोळ गेली का बिघडते," माय म्हणाली.

तिला म्हणायचं होतं, घरी काहीतरी आहे, शोधा. पण लोकांनी ऐकलं ते वेगळंच. वाक्य नदीवरून गावात गेलं आणि जाताजाता मोठं झालं. सगुणाचीच नजर लेकराला लागते. सगुणाचा हातच वाईट. मग कोणाला तरी आठवलं की आपल्याही पोराचे गाल लाल झाले होते आणि सगुणानं त्याला जवळ घेतलं होतं. आणखी कोणाला आठवलं. ते सगळं खरंच होतं, तेच तर वाईट. तशा आणखीही दोघीतिघी बायांचे गाल खाजत होते, पण आपल्या गालाकडे बघायला कोणाला सवड होती? गल्लीतल्या आया सगुणा दिसली की लेकरं पोटाशी धरून आत जायला लागल्या. सगुणानं घराबाहेर पडणं सोडलं. मंजुळीला घ्यायला तिचे हात पुढं यायचे आणि मागं जायचे.

मायच्या कानावर हे आलं. ती गावात गेली, दारोदार सांगत फिरली की मला तसं म्हणायचं नव्हतं. लोक हो हो म्हणाले. पण तोंडातून गेलेली गोष्ट परत येत नाही, आणि आली तरी ओळखू येत नाही. त्या दिवसांत मायनं ताटाला हात लावला नाही, तूप धुतलं नाही, असं म्हणतात.

ठकूबाई वाईट नव्हती. तिचा जीव नातीत होता, आणि जीव असला की माणूस कठोर होतो. तिनं ठरवलं, मंजुळीला तिच्या आत्याकडे द्यायचं, डोंगरापलीकडच्या गावाला, कायमचं. आत्याला मूल नव्हतं. पोर जगेल, चांगली होईल. आईनं तिकडं फिरकायचं नाही. सगुणाच्या नवऱ्यानं मान खाली घातली. सगुणा फक्त म्हणाली, पाठवायच्या आधी मायकडे राहू द्या, म्हणजे जाताना तिचं तोंड दुखत नसेल.

म्हणून मंजुळी पुन्हा निंबाखाली आली, पुन्हा बरी झाली, आणि जायचा दिवस उजाडला.

गाडी वेशीत उभी होती. सगळं गाव जमलेलं. माय मंजुळीला कडेवर घेऊन आली, गाल कसे अगदी नितळ. आत्या गाडीत बसली, मायनं पोर तिच्याकडे दिली. मंजुळीला कळलं असावं. तिनं आईकडे हात केले आणि टाहो फोडला. बैल तिथंच खाली बसले आणि काही केल्या उठेनात, असं म्हणतात. चुलता म्हणायचा की गाडीवान रडत होता, त्याला कासरा दिसत नव्हता. दोन्हीतलं काहीही असो, गाडी हलली नाही.

"एकडाव घेऊ द्या मले," सगुणा म्हणाली. "एकडाव."

कोणी नाही म्हणायच्या आत ती गाडीजवळ पोचली होती. लेकराच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि सगुणानं काय केलं? कोणतीही आई करेल तेच. पदराचं टोक हातात धरलं आणि मंजुळीचे गाल पुसले, हनुवटी पुसली, भुवया पुसल्या. ज्या वाटेनं दुखणं यायचं त्याच वाटेनं, तसंच वरून खाली.

गवरामाय ते बघत होती. आणि तिनं झडप घालून सगुणाचं मनगट धरलं.

"हे कायनं पुसलं?" माय म्हणाली.

सगुणाला वाटलं आपलं चुकलं. ती हात सोडवायला लागली. "माय, पुसलंच फक्त... काई लावलं नाई..."

"काय लावलं ते नाई इचारत म्या. कायनं पुसलं?"

मायनं तो पदर तिच्या बोटांतून सोडवून घेतला आणि उन्हात पसरला. टोकावर कावळ्याचा पाय, काळाकुट्ट, नुकताच पुन्हा गिरवलेला. बिब्ब्याचा.

मंडळी, इतके दिवस माय एकच गोष्ट विचारत होती, काय लावलं. आणि सगुणा खरंच सांगत होती, काही नाही. कारण पुसणं म्हणजे काही लावणं असतं, असं कोणत्या आईला वाटेल? आणि बिब्ब्याचं म्हणाल तर आमच्याकडे बिब्बा रोजचा. पायाच्या भेगांना बिब्बा, दाराला बिब्बा, पाळण्याला बिब्बा. तो तर दृष्ट लागू नये म्हणून राखण करणारा. कापडावर वाळलेल्या खुणेत तो अजून जिवंत असेल आणि सगळ्यांना नाही तर एखाद्यालाच चावेल, हे कोणाच्या मनात आलं असतं?

मायनं तिथल्या तिथं ते सांगितलं. ठकूबाईच्या कपाळाला आठी पडली. ती म्हणाली, "सगयं गाव बिब्ब्याच्याच खुनेचं लुगडं नेसते. मंग सगयं गाव उतलं असतं. मायले सुनेची कीव आली, म्हनून बोलते हे."

आणि तिचं म्हणणं लोकांना पटलेलं दिसलं. सुकाजी परीट मागच्या मागं सरकायला लागला होता.

तेव्हा गवरामायनं जे केलं, त्याच्यासाठी आम्ही तिचं नाव घेतो. ती सगुणाला आडोशाला घेऊन गेली, आधी मंजुळीचं नुकतंच पुसलेलं तोंड पाण्यानं धुऊन काढलं, मग कधीही परटाकडे न गेलेलं आपलं जुनं मऊ लुगडं सगुणाला नेसवलं आणि मंजुळीला तिच्या मांडीवर दिलं. "आता तू लेकराले जोळ घे. पाहिजे तितकं घे. पाहिजे तितकं पूस." मग सगुणाच्या पदराचं टोक तिनं टरकन फाडलं, कावळ्याचा पाय असलेलं, ओलं केलं, स्वतःच्या गालावर ठेवलं आणि वरून फडकं बांधलं. इथं, या निंबाखाली, सगळ्यांसमोर बसली.

"बैल सोडा," ठकूबाईला म्हणाली. "माह्या गालाचं काय होते ते पाहा. काई झालं नाई तर गाडी जुंपा, मी सोता बैलांपुढं चालत जाईन."

मायला स्वतःला तरी ठाऊक होतं का की बिब्बा तिच्यावर उतेल? मला नाही वाटत. आमच्यातल्या कितीतरी जणांना तो काहीच करत नाही. नसता उतला तर सगुणाचं लेकरू गेलं असतं, आणि मायच्याच शब्दानं गेलं असतं. ती त्या दिवशी मनात काय म्हणत बसली असेल, ते तिचं तिला ठाऊक. सावली मात्र तिच्यावरून हलली नाही, असं म्हणतात.

लोक घरी गेले आणि पुन्हा आले. सगुणा तिथंच, मायच्या शेजारी. मंजुळी आईच्या मांडीवर झोपली, उठली, जेवली, रडली, पुन्हा झोपली. सगुणानं तिला क्षणभर खाली ठेवलं नाही. पण तोंड पुसलं नाही. लेकराच्या नाकाला शेंबूड आला तरी तिचे हात तसेच राहिले, मुठी आवळून. ते बघवत नव्हतं, असं चुलती सांगायची, जणू ती तिथं होतीच.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला आणि माय गाल दाबून धरायला लागली. मग तिनं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि फडकं सोडलं.

गाल लाल, सुजलेला, वर बारीक फोड. आणि लालीच्या मधोमध गडद उमटलेली तीन बोटं पुढं आणि एक मागं.

ठकूबाई सगळ्यात पुढं उभी होती. तिनं ते वाकून बघितलं. मग म्हणाली, "हा तर आमच्या घरचा पाय हाय." आणि मग तिनं सगुणाच्या मांडीवरच्या नातीकडे बघितलं. पूर्ण एक दिवस आणि एक रात्र आईच्या कुशीत काढलेली पोर. गाल काल होते तसेच, नितळ.

ठकूबाई सगुणाच्या पुढ्यात बसली. म्हातारी कधी कोणासमोर रडली नव्हती, त्या दिवशी रडली. "म्याच मांगला होता तो, मोठा," म्हणत राहिली. "म्याच काया करून घेतला."

लोकांच्या नजरा आता सुकाजीकडे वळल्या. माय सुजल्या गालानं उठली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "त्याच्याकडे काऊन पाहता? त्यानं तर आतल्या कोपऱ्यात काढली होती. पदरावर कोनं मांगली, सांगा?" सगळ्या बायांनी माना खाली घातल्या, आणि मग एकेकीनं आपलं पदराचं टोक मुठीत झाकून घेतलं. दोघीतिघींचे हात आपोआप आपल्या गालाकडे गेले.

मग माय सगुणाकडे वळली. मंजुळीच्या नाकाखाली कधीचं वाळलं होतं. "आता पूस ना," माय म्हणाली.

सगुणाचे हात उठेनात. "माह्यानं नाई होत, माय. भेव वाटते."

मायनं तिला नेसवलेल्या त्या जुन्या लुगड्याचं टोक उचललं आणि सगुणाच्या हातात दिलं. "पूस वं. आईनं लेकराचं तोंड नाई पुसायचं, तर मंग कोनं?"

सगुणानं पुसलं. आधी घाबरत घाबरत नाक, मग गाल, मग हनुवटी, मग भुवया. मंजुळीनं तोंड वाकडं केलं आणि ती हसली. गाडी रिकामीच डोंगरापलीकडे गेली. आत्या जाताना ठकूबाईवर चिडली होती, पण पुढं ती दर सणाला भाचीला बघायला येत राहिली.

त्या दिवसापासून निंबगव्हाणात कापडावर बिब्बा चालत नाही. सुकाजीनं दोरा हाती घेतला. प्रत्येक घराचा रंग वेगळा, टाका वेगळा, आणि तो खालच्या काठाला, आतून. आजही आमच्या गावच्या कोणत्याही घरातलं लुगडं किंवा पातळ उलटून बघा, टाका सापडेल. परीट आता राहिला नाही, यंत्रं आली, कोणाचं कापड कोणाकडे जात नाही. तरी आम्ही टाका घालतो. ठकूबाईच्या घराण्याचा टाका पांढरा आहे. तो त्यांनी स्वतः मागून घेतला.

गवरामायच्या गालावरची सूज उतरली, पण खूण गेली नाही. लोक म्हणायचे, माय, तू सगळ्या गावाला तूप लावतेस, स्वतःच्या गालाला का लावत नाहीस? ती म्हणायची, "दिसू द्या." माझं मत विचाराल तर तिला ती खूण आपल्या त्या एका वाक्याची आठवण म्हणून हवी होती. पण पुढं तिनं कोणालाही, कधीही, पहिला सवाल "काय लावलं" असा केला नाही. ती विचारायची, "कायनं पुसलं? कायले टेकलं? काय पांघरलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत ताटाला हात लावायची नाही. लांबलांबच्या गावांहून लोक यायला लागले. कोणाची नवी पगडी निघायची, कोणाची उशी, कोणाची बायकोनं हौसेनं रंगवलेली चादर. मायचं म्हणणं असं की तूप नुसतं निववतं, आणि निवलेलं टिकवायचं असेल तर चावणारा शोधावा लागतो.

ती गेली कशी, हे कोणी बघितलं नाही. एका सकाळी सगुणा तिच्यासाठी भाकरी घेऊन आली, तर ओट्यावर काशाचं ताट होतं, ताटात धुतलेलं तूप, ऊन पडलं होतं तरी न वितळलेलं. शेजारी तिचं ते जुनं लुगडं, घडी घालून. माय नव्हती. रान शोधलं, नदी शोधली. निंबात मिळून गेली, असं म्हणतात. निंबाच्या बुंध्यावर एका जागी सालीला तीन बोटं पुढं आणि एक मागं अशी चीर आहे. ती बघा आणि काय समजायचं ते समजा.

ते लुगडं सगुणानं घरी नेलं नाही. तिनं त्याचे तुकडे केले आणि गावात जितकी तान्ही लेकरं होती तितक्या घरी एकेक दिला, तोंड पुसायला. उरलेले याच ओट्यावर ठेवले. आणि ते तुकडे आजतागायत संपलेले नाहीत, असं म्हणतात.

हे मात्र खरं आहे, मी शपथेवर सांगतो. बघा ना, हे समोर काय आहे? आमच्या ओट्यावर नारळ फुटत नाही, नैवेद्य नाही. लेकरू मोठं झालं, स्वतःचं तोंड स्वतः पुसायला लागलं की आई आपल्या अंगावरचं जुनं, मऊ झालेलं, बिनखुणेचं कापड फाडते, उकळून, उन्हात वाळवून इथं आणून ठेवते. ज्या घरी नवं बाळ आलं असेल त्या घरची बाई ते उचलून नेते. नेताना वर बघते आणि "गवरामाय" म्हणते, बाकी काही नाही. आमच्या गावात लेकराचा गाल लाल दिसला की अजूनही सगळ्यात आधी एकमेकींना हेच विचारतात, कायनं पुसलं? डॉक्टरकडे जातात, औषधं आणतात, पण आधी हे विचारतात, आणि विचारताना कोणी कोणत्या आईकडे वाईट नजरेनं बघत नाही.

माझं तोंडही असल्याच एका फडक्यानं पुसलेलं आहे. कोणाच्या घरचं होतं ते आईला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. त्या बाईचे उपकार फेडायचे तरी कोणाकडे? म्हणून मी इथं बसतो आणि येणाऱ्याला ही गोष्ट सांगतो.

ताई, तुमच्या कडेवरचं लेकरू कधीचं नाक ओढतंय. पदर राहू द्या. यातलं एक उचला.